तुमचं पेट-स्कॅनचं इंजेक्शन आम्ही फ्रीजमध्ये का ठेवत नाही

आठवड्यातून दोन-तीनदा तरी फोन येतोच, "मॅडम ट्रॅफिकमध्ये अडकलोय, दोन तासांत पोचतो, तोवर बाबांचं इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवा ना". काउंटरवरच्या मुली सांगून सांगून थकल्या म्हणून हा कागद छापलाय.

इंजेक्शनमध्ये असते साखरेसारखी एक गोष्ट आणि तिला जोडलेलं फ्लोरिन-18. फ्लोरिन टूथपेस्टमध्येही असतं, पण ते फ्लोरिन-19, 9 प्रोटॉन आणि 10 न्यूट्रॉन, ते कायम टिकतं. आपल्या इंजेक्शनमधल्या फ्लोरिन-18 मध्ये एक न्यूट्रॉन कमी, 9-9. वाटेल समसमान म्हणजे उलट चांगलंच की, आणि कार्बनचं 6-6 वर, ऑक्सिजनचं 8-8 वर छान जमतंही. पण प्रोटॉन एकमेकांना ढकलत असतात, न्यूट्रॉन त्यांना धरून ठेवायला मदत करतात, आणि दोघांनाही आपापल्यात जोडीने राहायला बरं पडतं. 9 म्हणजे चार जोड्या आणि एक सडाफटिंग, तोही दोन्हीकडे. (नायट्रोजन 7-7 असूनही टिकतो, तो अपवाद, बारावीची पोरं अडवतात म्हणून लिहिलं.) मग एक प्रोटॉन न्यूट्रॉन होतो, पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच उलट्या भाराचा जुळा) बाहेर टाकतो आणि उरतो ऑक्सिजन-18, 8 आणि 10, सगळ्यांच्या जोड्या लागल्या. तो पॉझिट्रॉन लगेच इलेक्ट्रॉनला भिडून जे किरण निघतात तेच मशीन पकडतं, त्यावरून कळतं शरीरात साखर जास्त कुठे ओढली जातेय.

आता मुद्द्याचं. हे फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. सकाळी 8 ला 10 असलेलं 9:50 ला 5, आणि 11:40 ला अडीच. दूध फ्रीजमध्ये टिकतं कारण नासणं ही रासायनिक भानगड आहे, थंडीने ती मंदावते. अणूच्या केंद्राला तुमच्या फ्रीजचा पत्ताच नसतो, बर्फात ठेवा नाहीतर उन्हात, निम्मं व्हायला तेवढाच वेळ. उद्यासाठी राखून ठेवा म्हणणाऱ्यांनी हिशोब करावा, 24 तासांत आठ हजारांत एक हिस्साही उरत नाही. स्कॅननंतर "मी आता कायमचा रेडिओॲक्टिव्ह का" याचंही उत्तर हेच, फक्त त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून थोडं लांब बसा.

आणि एकच बाटली येते हो, पहाटे सायक्लोट्रॉनवर (हे फ्लोरिन बनवणारं मोठं मशीन) बनून शिशाच्या डब्यात गाडीने. त्यातूनच दिवसभराच्या पेशंटचे डोस निघतात, तुमच्यासाठी थांबलो तर मागच्या आजींचाही कमी होतो. म्हणून ॲडव्हान्स घेतो, आम्हाला हौस नाही, बाटलीचे पैसे तुम्ही आलात न आलात तरी द्यावेच लागतात.

लांबून येणार असाल तर बुकिंग करतानाच सांगा, 11 नंतरचा स्लॉट देतो, दर तोच आणि मुक्कामाचा खर्चही वाचतो. आदल्या दिवशी संध्याकाळी 6 पर्यंत कळवलंत तर तारीख एकदा फुकटात बदलून मिळते, बाटलीची ऑर्डर त्यानंतर जाते. सहा तास उपाशी या, पाणी चालेल, "फक्त अर्धा कप चहा" चालणार नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आदल्या दिवशीच फोन करा, गेटवर पोचल्यावर नको.