ठाणे आणि गाव यांच्यामधला माणूस

पोलीस आणि लोक यांनी मिळून गावाची सुरक्षितता सांभाळावी, या विचाराला आज 'सामुदायिक पोलिसिंग' असे नाव मिळाले आहे. विदर्भातल्या खेड्यांत मात्र ठाण्याशी गावाला जोडणारा धागा पिढ्यान्‌पिढ्या गावातल्याच एखाद्या माणसाच्या हाती राहिला. जिथे ठाणे कित्येक कोस दूर आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की वाटच बंद, तिथे चोरीची वर्दी देणारा, अनोळखी माणसाची विचारपूस करणारा आणि पंचनामा होईपर्यंत प्रेताजवळ थांबणारा माणूस गावातलाच असावा लागतो.

इंग्रजांच्या हाती वऱ्हाडचा कारभार 1853 मध्ये आला आणि 1854 मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकऱ्याकडून थेट सारा घेण्याची पद्धत, असल्याने गावच्या राखणीची ही जबाबदारी वतनदार पाटलाकडे राहिली, तर नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या मालगुजारीच्या, म्हणजे गावाचा सारा भरणाऱ्या जमीनदाराच्या, मुलखात ती मालगुजार आणि मुकादमाकडे गेली. रात्रीची गस्त मात्र कोतवाल घालत असे आणि तो बहुतेक गावांत महार समाजातला असे. ज्याने गावाची राखण केली त्यालाच गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले जात नव्हते, ही गोष्ट या व्यवस्थेचा इतिहास सांगताना गाळता कामा नये.

1857 च्या उठावानंतर आलेल्या 1861 च्या पोलीस कायद्याने वरिष्ठांचा हुकूम पाळणारे दल उभे केले. लोकांना उत्तर देण्याची सोय त्यात फारशी नव्हती. 1902-03 च्या पोलीस आयोगाचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर यांनी मध्य प्रांतात बरीच वर्षे नोकरी केलेली होती. गावचा चौकीदार गावप्रमुखाच्या हाताखालचा गावसेवकच राहावा, त्याला ठाण्याचा हस्तक करू नये, असे त्या आयोगाचे मत होते. सव्वाशे वर्षांनंतरही प्रश्न तोच आहे, असे मला वाटते.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर 1962 च्या कायद्याने वंशपरंपरागत महसुली पाटीलकी संपवली आणि महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, 1967 ने नेमणुकीचा पोलीस पाटील आणला. पाटीलकी वाड्यातून बाहेर पडली आणि पुढे कितीतरी गावांत ती स्त्रियांकडेही आली, हा बदल मोठा होता.

15 ऑगस्ट 2007 रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडावी, गावातले तंटे सामोपचाराने मिटवावेत आणि यशस्वी गावाला लोकसंख्येनुसार पुरस्कार मिळावा, अशी तिची रचना होती. विदर्भात या समितीपुढे सर्वांत जास्त काय येते, ते पेरणीच्या तोंडावर कळते. शेजाऱ्याने वखरताना एका तासाएवढा (सरीएवढा) धुरा, म्हणजे शेताचा बांध, कोरला, एवढ्यावरून दोन घरांची बोलचाल बंद होते आणि पुढे पांदण रस्ताही अडवला जातो. अशा वेळी समितीची माणसे, पोलीस पाटील आणि बीट अंमलदार (त्या भागाची जबाबदारी असलेला पोलीस) शेतात जातात, जुन्या खुणांचे दगड शोधतात, दोरी धरून माप घेतात आणि बाभळीच्या सावलीत बसून तडजोडीचा कागद लिहितात. त्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या, की कोर्टाच्या वर्षानुवर्षांच्या तारखा टळतात. घरच्यांचा विरोध असलेल्या प्रेमीयुगुलांची लग्नेही याच समित्यांनी ग्रामपंचायतीत हार घालून लावली. पुढे पुरस्काराचा उत्साह ओसरला आणि अनेक गावांत समिती फलकापुरती उरली, याची खंत वाटते. बलवान घराच्या दबावाखाली झालेल्या तडजोडीही तिथे घडल्या.

गडचिरोलीत या नात्याची किंमत वेगळीच होती. तेथे खबरी असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी अनेक पोलीस पाटलांचे आणि साध्या गावकऱ्यांचे प्राण घेतले. त्यामुळे पोलिसांशी बोलताना दिसणे हेच धोक्याचे, अशी दहशत दुर्गम गावांत बसली. जनजागरण मेळाव्यांनंतर पोलिसांनी 'दादालोरा खिडकी' हा ठाण्यातच सरकारी कामे करून देणारा उपक्रम आणला आणि ज्या ठाण्यात माणूस पूर्वी बोलावल्यावरच जात असे, तेथे तो जातीच्या दाखल्यासाठी किंवा सरकारी योजनेचा अर्ज भरण्यासाठी स्वतःहून येऊ लागला.

पोलीस पाटलाचे मानधन 2024 मध्ये दरमहा 15,000 रुपये झाले. एकाच पोलीस पाटलाकडे शेजारच्या रिक्त गावाचा अतिरिक्त कार्यभार असणे मात्र नवे नाही, आणि त्या दुसऱ्या गावात रात्री काही घडले, तर पहिली हाक कोणाला मारायची, हे लोकांना अजूनही आपसात ठरवावे लागते.