स्मार्टफोनवरील डंजन क्रॉलर

भुयारात उतरायचे, एकेक खोली धुंडाळायची, राक्षसांशी झुंजायचे आणि हाती लागेल ती लूट घेऊन आणखी खालच्या मजल्याचा जिना शोधायचा, अशा व्हिडिओ गेमना डंजन क्रॉलर म्हणतात. हा प्रकार स्मार्टफोनपेक्षा कितीतरी जुना आहे. तरीही त्याची पाळीपाळीने चालणारी, ‘रोगलाइक’ नावाने ओळखली जाणारी शाखा फोनवर इतकी सहज रुळली की ती फोनसाठीच निघाली असावी, असे वाटते.

या प्रकाराचे मूळ १९७४ साली आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या बैठ्या खेळात आहे. रोगलाइक शाखेला नाव मिळाले ते १९८०च्या सुमारास मायकल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी युनिक्स प्रणालीवर चालणाऱ्या संगणकांसाठी लिहिलेल्या ‘रोग’ या गेमवरून. त्यात चित्रे नव्हती. राक्षस म्हणजे पडद्यावरची रोमन अक्षरे. दर डावाला भुयाराचा नकाशा नव्याने तयार होई आणि नायक मेला की डाव संपे. शिवाय खेळाडूने चाल केल्याखेरीज राक्षसही हलत नसे. फोनच्या दृष्टीने हा शेवटचा नियम सर्वांत मोलाचा. फोनवरचा खेळ सतत तुटतो: कॉल येतो, उतरायचे ठिकाण येते, कोणी हाक मारते. पाळीपाळीच्या गेममध्ये फोन खिशात टाकला तरी अंगावर आलेला राक्षस तिथेच उभा राहतो. विचार करायला पाच सेकंद घ्या नाहीतर पाच तास, गेमला फरक पडत नाही.

चालणेही सोपे असते. दूरच्या चौकोनावर टॅप केले की नायक वाट काढत तिथवर जातो आणि नवा शत्रू दिसताच आपोआप थांबतो. अडचण होते ती बोटाच्या जाडीची. चौकोन लहान, त्यात बोटाखालचा भाग झाकलेला. शेजारचा चौकोन दाबला गेला तर एका चुकीत डाव जाऊ शकतो. म्हणून चांगले गेम दरीत उडी मारण्यासारख्या चालीआधी पुन्हा विचारून घेतात.

फोनवरच्या या परंपरेत ‘पिक्सेल डंजन’चे स्थान मोठे आहे. ‘वाताबू’ या नावाने काम करणाऱ्या ओलेग डोल्या यांनी तो २०१२ साली अँड्रॉइडवर आणला आणि पुढे त्याचा सोर्स कोड, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रॅम, सर्वांना वापरायला खुला केला. त्यातून अनेक आवृत्त्या फुटल्या. इव्हान डेबेनहॅम यांची २०१४ पासून वाढत आलेली ‘शॅटर्ड पिक्सेल डंजन’ त्यांत सर्वाधिक नावाजलेली. गटारे, तुरुंग, गुहा, बुटक्यांचे शहर आणि राक्षसांची दालने असे पाच टप्पे, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी एक बॉस, म्हणजे तगडा मुख्य शत्रू, आणि सर्वांत तळाशी मिळवायचा येंडोरचा ताईत. हा ताईत थेट ‘रोग’मधून आलेला.

इथे तलवारबाजीपेक्षा हिशेब महत्त्वाचा. नव्या डावात जादुई द्रवांच्या कुप्यांचे रंग आणि मंत्रांच्या गुंडाळ्यांवरची चिन्हे बदललेली असतात. लाल कुपी या खेपेला जखम भरेल की आग लावेल, हे बहुधा वापरल्याशिवाय कळत नाही. जाणते खेळाडू अनोळखी कुपी शत्रू जवळ नसताना, अंगात पुरेसे बळ असताना आणि पाण्याशेजारी उभे राहून पितात, कारण पाण्यावर आग पसरत नाही. दोन-तीन शत्रू एकदम आले तर अरुंद बोळात शिरायचे, म्हणजे समोरून जवळ येऊन हल्ला करणारा एका वेळी एकच. ‘शॅटर्ड’मध्ये प्रत्येक टप्प्यात अपग्रेडच्या, म्हणजे वस्तूची ताकद वाढवणाऱ्या, किमान तीन गुंडाळ्या मिळतातच. त्या थोड्या-थोड्या सगळीकडे वाटण्यापेक्षा एखाद्या शस्त्रात किंवा चिलखतात ओतणे बहुधा फायद्याचे ठरते. त्यात भूकही लागते, त्यामुळे एका मजल्यावर रेंगाळत राहता येत नाही.

डाव आपोआप सेव्ह होतो, पण नायक मेला की ती नोंदही पुसली जाते. नवख्यांना हे क्रूर वाटते. मात्र मरण असे पक्के असल्यामुळेच शेवटची कुपी आता प्यावी की राखून ठेवावी, या प्रश्नाला वजन येते. उरते ते खेळाडूला आलेले शहाणपण. पुढच्या डावात तेवढेच कामी येते.

सगळेच गेम याच घाटाचे नाहीत. २०१३ सालच्या ‘हॉपलाइट’ने षटकोनी पटावर हा प्रकार जवळजवळ बुद्धिबळातल्या कोड्याइतका आटोपशीर केला. ‘सोल नाइट’सारख्या गेममध्ये पाळ्या नसतात, पडद्यावरची आभासी जॉयस्टिक अंगठ्याने फिरवत धावत-धावत गोळ्या झाडायच्या. २०२२ साली आलेला ‘डायब्लो इमॉर्टल’ दिसायला देखणा आणि आकाराने अवाढव्य. पण पैसे भरून नायकाची ताकद वाढवण्याची सोय त्यात असल्याने त्यावर कडाडून टीका झाली. लूट बॉक्स, म्हणजे पैसे देऊन घ्यायच्या पण आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या पेट्या, यांविषयीच्या कायद्यांमुळे बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तो प्रकाशितच झाला नाही. ही टीका रास्त होती. भुयारातला धोका पैशाने टाळता येऊ लागला, तर जपून टाकलेल्या पावलाला किंमत उरत नाही. ‘शॅटर्ड’ अँड्रॉइडवर मोफत मिळतो, तोही जाहिरातींशिवाय. स्वखुशीने निर्मात्याला मदत केली तरी नायकाची ताकद तीळभरही वाढत नाही.