मशेरी: दात घासता घासता लागलेली तंबाखू

दात कसे घासावेत, हे चरकसंहिता एका श्लोकात सांगते. काडी तुरट, तिखट किंवा कडू झाडाची असावी, तिचं टोक ठेचून मऊ करावं, दिवसातून दोनदा घासावं आणि 'दन्तमांसान्यबाधयन्', म्हणजे हिरड्यांना इजा होऊ देऊ नये. करंज, रुई, अर्जुन ही झाडं तिथे नावानिशी दिली आहेत. सुश्रुत काडीचं मापही देतो. लांबी बारा अंगुळं, जाडी करंगळीएवढी, आणि कडू झाडांत निंब सर्वांत चांगला. मला यात हिरड्यांची आठवण सर्वांत मोलाची वाटते, कारण पुढे नेमकी तीच हरवली.

महाराष्ट्रात कडुनिंब-बाभळीचं दातवण होतं, तशीच शेणीची राखुंडी, मीठ आणि कोळशाची पूडही होती. राख आणि कोळसा दात पांढरे करतात खरे, पण खरवडून. वर्षानुवर्षांच्या घासण्याने दातावरचं कठीण आवरण झिजतं आणि मग गार पाणी पिताना कळ येते.

या पुडींच्या रांगेत तंबाखू येऊन बसली. पोर्तुगीजांबरोबर ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि दख्खनमध्ये लवकर रुजली. इतकी की, अकबराच्या दरबारात १६०४च्या सुमारास ती नेली त्याचाच दूत असदबेगने, आणि तीही विजापुराहून. दातदुखीवर लोक तंबाखू लावू लागले, कारण ठणका थोडा वेळ दबल्यासारखा वाटतो. दाताची कीड मात्र आतल्या आत वाढतच राहते.

मशेरी म्हणजे तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजून केलेली पूड. भाजताना घरभर उठणारा ठसका ज्यांनी लहानपणी सोसला आहे, त्यांना वर्णन लागणार नाही. पहाटे बोटावर घेऊन ती दातांवर आणि हिरड्यांवर चोळायची, तोंडात थोडा वेळ धरायची. 'त्याशिवाय पोट साफ होत नाही' हे कारण घरोघरी ऐकू येतं. मग दुपारी एकदा, रात्री एकदा. आईची डबी मुलगी बघते आणि तिलाही वाटतं की दात असेच घासायचे असतात. बाईने विडी ओढली असती तर घराने टोकलं असतं. मशेरीला कुणी टोकलं नाही, कारण ती स्वच्छतेच्या नावाने आली होती.

बाजारानेही हाच मार्ग धरला. तंबाखू घातलेली दंतमंजनं आणि ट्यूबमधली तपकिरीची पेस्ट निघाली. गोव्यात १९८०च्या दशकात शाळकरी मुलंही अशी पेस्ट लावताना आढळली. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर बंदी आणली. ती आवश्यकच होती. पण कायदा कारखान्यातल्या ट्यूबपर्यंत पोहोचला, घरच्या तव्यापर्यंत नाही. पानाची तंबाखू विकत मिळते, चूल घरचीच.

जिथे पूड चोळली जाते तिथली हिरडी मागे सरते, दाताचं मूळ उघडं पडतं, दात हलू लागतो. हलतो म्हणून पुन्हा मशेरी. गालाच्या आत किंवा हिरडीवर न पुसला जाणारा पांढरा चट्टा दिसला, तर तो दंतवैद्याला त्याच आठवड्यात दाखवावा. त्यातून कर्करोग होऊ शकतो. नुकसान तोंडापुरतंही थांबत नाही. मुंबईतल्या गरोदर बायकांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं.

दवाखान्यात "तंबाखू खाता का?" असं विचारलं की मशेरी लावणारी बाई नाही म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. तिच्या लेखी ती खातच नाही. "दात कशाने घासता?" असं विचारलं, की डबी कमरेच्या पिशवीतून बाहेर येते.