शांत राहणाऱ्याला भीती वाटत नाही, हा गैरसमज

चाकू घेऊन अंगावर आलेल्या माणसासमोर जो डगमगत नाही, त्याला मुळात भीतीच वाटत नसते आणि हा गुण जन्मजातच असावा लागतो, ही समजूत जुनी असली तरी चुकीची आहे. धोका दिसताच अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक स्रवते, छाती धडधडते, हात थरथरतात. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्येच वर्णिलेली ही प्रतिक्रिया मुरलेल्या पोलिसालाही चुकत नाही. सरावाने बदलते ते त्यानंतरचे वागणे: लुटुपुटीच्या झटापटीत, आरडाओरडा सोसत, मागे सरकणे, तळवे उघडे ठेवून बोलणे आणि श्वास सावकाश सोडणे पुन्हा पुन्हा घोटले, की घाबरलेल्या अवस्थेतही ते बहुधा आपसूक घडते. (नुसते डोळे मिटून केलेले ध्यान इथे अपुरे पडते, असे माझे मत.) मागितलेले पाकीट मुकाट्याने देऊन निघून जाणे, हेही त्याच सरावात येते.