त्रिओ सोनाटा म्हणजे त्रिओ नव्हे

यान डिसमस झेलेंका या अठराव्या शतकातल्या संगीतकाराचे सोनाटे (अनेक भागांच्या वाद्यरचना) ऐकायला बसलेला माणूस पहिल्यांदा अडतो तो आकड्यावर. वर लिहिलेलं असतं ‘त्रिओ सोनाटा’, त्रिओ म्हणजे तिघं, आणि वाजवणारे निघतात पाच: दोन ओबो (सनईसारखं फुंकवाद्य), एक बासून (त्याच जातीचं, खर्जातलं), शिवाय डबल बेस (खर्जाचं मोठं तंतुवाद्य) आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य).

बीथोव्हेनच्या ओपस १ मधल्या, १७९५ साली छापलेल्या पियानो त्रिओंत मोजणी सरळ आहे. पियानो, व्हायोलिन, चेलो. तीन वाद्यं, तीन माणसं, आणि पियानोचा सूर न् सूर बीथोव्हेननं स्वतः लिहिलेला.

बारोक काळातल्या (साधारण १६०० ते १७५०) त्रिओ सोनाट्यात माणसं मोजत नाहीत, स्वरांच्या ओळी मोजतात. वर दोन, खाली बेसची, म्हणजे खर्जाची, एक. बेसच्या ओळीशी संगीतकार नुसते आकडे टिपून ठेवतो. त्यांवरून हार्पसिकॉर्डवाला मधली भर तिथल्या तिथे घालतो. तीच ओळ चेलोही धरतो. म्हणजे ओळी तीन, माणसं बहुधा चार. दुसरं टोक बाखचं: त्याचे ऑर्गनसाठीचे सहा त्रिओ सोनाटे एकटा माणूस वाजवतो. दोन हात वरच्या ओळींना, पाय बेसला.

झेलेंका मात्र हाही हिशेब बिघडवतो. बोहेमियात (आजच्या चेक प्रजासत्ताकात) १६७९ साली जन्मलेला हा गृहस्थ जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या दरबारात व्हिओलोने, म्हणजे डबल बेसच्या घराण्यातलं वाद्य, वाजवत असे. खालच्या ओळीनं नुसती हमाली करावी हे त्याला पटत नसावं (हा माझा तर्क). त्याचा बासून मध्येच बेस सोडून निघतो आणि ओबोंच्या तोडीस तोड धावू लागतो. मग बेस सांभाळायला वेगळा माणूस लागतोच. ओबोवाल्यांचे तर हालच. सलग इतक्या लांब ओळी, की श्वास कुठे घ्यायचा हाच प्रश्न.

हे सहा सोनाटे १७२०च्या दशकाच्या सुरुवातीचे. झेलेंका १७४५ साली गेला आणि ते विस्मृतीत गेले. विसाव्या शतकात छापील प्रती निघाल्या, पण सर्वदूर कानांवर पडले ते १९७०च्या दशकात, ओबोवादक हाइन्झ होलिगर आणि मॉरिस बूर्ग यांच्या ध्वनिमुद्रणामुळे.

सुरुवात पाचव्यापासून करावी. बाकीचे संथ-द्रुत-संथ-द्रुत अशा चार भागांचे. हा तीनच भागांचा, कॉन्चेर्टोच्या (एकल वाद्य विरुद्ध वाद्यवृंद अशा रचनेच्या) वळणाचा, आणि बासूनची मुजोरी इथे सगळ्यांत स्पष्ट ऐकू येते. तिसऱ्यात एका ओबोच्या जागी व्हायोलिन आहे, तो नंतर.