सरकारने अणुवीज केंद्र बंद केले, तर चालवणाऱ्या कंपनीला काय मिळते?

परदेशी वीज कंपन्यांना व्हॉल्व्ह, पंपांचे सुटे भाग, कास्टिंग पुरवणारे पुणे-कोल्हापूरकडचे कारखानदार आमच्याकडे करार तपासून घ्यायला येतात. त्यांचा ठरलेला प्रश्न असतो: उद्या तिथल्या सरकारने प्लांटच बंद केला, तर कंपनीला भरपाई मिळते का? आणि मग आमच्या ऑर्डरचे काय? ऑर्डरचे उत्तर तुमच्या करारात शोधावे लागते. भरपाईचे उत्तर मात्र जर्मनीने तिथल्या न्यायालयांत दहा वर्षे घासूनपुसून तयार करून ठेवले आहे, म्हणून हे माहितीपत्रक त्यावरच.

आधी दिले, मग काढून घेतले

२००२ च्या कायद्याने जर्मनीने प्रत्येक अणुभट्टीला विजेचा कोटा ठरवून दिला. सगळ्यांचा मिळून सुमारे २,६२३ अब्ज युनिट. तेवढी वीज काढा आणि बंद करा. एका भट्टीचा उरलेला कोटा दुसरीकडे वळवायलाही मुभा होती. २०१० च्या शरद ऋतूत नव्या सरकारने या भट्ट्यांना सरासरी १२ वर्षे वाढवून दिली. पुढच्या मार्चमध्ये जपानच्या फुकुशिमा अणुकेंद्रात अपघात झाला, आणि त्याच सरकारने ऑगस्ट २०११ पासून वाढीव वर्षे रद्द करून प्रत्येक केंद्राला बंद होण्याची पक्की तारीख दिली. शेवटची तीन केंद्रे २०२२ अखेर थांबायची होती. ऊर्जासंकटामुळे ती १५ एप्रिल २०२३ पर्यंत चालली.

ई.ऑन, आरडब्ल्यूई आणि वाटेनफॉल या तीन कंपन्या कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेल्या. ६ डिसेंबर २०१६ चा तो निकाल आमच्या मते या विषयातला सर्वांत उपयोगी कागद आहे.

न्यायालय म्हणाले, केंद्रे बंद करण्याचा सरकारला अधिकार आहे. हे मालमत्तेचे संपादन नव्हे, कारण सरकारने केंद्र स्वतःकडे घेतलेले नाही. फक्त वापरावर मर्यादा घातली आहे. २०१० मध्ये मिळालेली जास्तीची वर्षे कंपन्यांनी काही मोजून कमावली नव्हती, म्हणून ती गेल्याची भरपाई नाही. इथे कंपन्यांचा मोठा दावा गळून पडला.

पण दोन गोष्टी टिकल्या. पहिली, २००२ चा कोटा. नव्या तारखांमुळे वाटेनफॉल आणि आरडब्ल्यूई यांना आपला कोटा स्वतःच्या भट्ट्यांत संपवणे शक्यच राहिले नाही. ते घटनाबाह्य ठरले. दुसरी, २८ ऑक्टोबर २०१० ते १६ मार्च २०११ या काळात वाढीव मुदतीवर विसंबून केलेला आणि वाया गेलेला खर्च. सरकारने स्वतःच गुंतवणुकीला उत्तेजन द्यायचे आणि साडेचार महिन्यांनी पाठ फिरवायची, हे चालणार नाही, असा त्याचा अर्थ.

रक्कम मिळायला आणखी पाच वर्षे लागली. निकालानुसार दुरुस्ती करायला केलेला २०१८ चा कायदा अंमलातच आला नाही, हेही न्यायालयालाच २०२० मध्ये सांगावे लागले! अखेर मार्च २०२१ च्या समझोत्यात २.४२८ अब्ज युरो ठरले: वाटेनफॉलला १.४२५ अब्ज, आरडब्ल्यूईला ८८ कोटी, ईएनबीडब्ल्यू या चौथ्या वीज कंपनीला ८ कोटी, ई.ऑनला ४.२५ कोटी. न वापरलेल्या कोट्याला युनिटमागे साधारण ३.३ सेंट असा भाव लागला. ज्यांच्याकडे कोटा अडकला होता त्यांनाच मोठी रक्कम, बाकीच्यांना फक्त वाया गेलेला खर्च.

गप्प बसले, ते हरले

फुकुशिमानंतर लगेच जुन्या भट्ट्या तीन महिने थांबवण्याचे आदेश निघाले होते. आरडब्ल्यूईच्या बिब्लिस केंद्राचा आदेश १८ मार्चचा. कंपनीने १ एप्रिललाच त्याविरुद्ध दावा दाखल केला आणि २०१३ मध्ये कासेलचे न्यायालय म्हणाले, आदेश बेकायदा; कंपनीला म्हणणे मांडायची संधीसुद्धा दिली नव्हती. ई.ऑन आणि ईएनबीडब्ल्यूने तेव्हा आदेश मुकाट्याने पाळला आणि नंतर भरपाई मागितली. २०१६ मध्ये दोघांचेही दावे फेटाळले गेले: आदेश आला तेव्हाच का आला नाहीत? आदेश पाळणे वेगळे, तो मान्य करणे वेगळे. पाळतानाही हरकत नोंदवता येते.

मालक कोण, यावरही अवलंबून

ईएनबीडब्ल्यू जवळजवळ पूर्णपणे सरकारी मालकीची, त्यामुळे मूलभूत हक्क सांगून सरकारविरुद्ध घटना न्यायालयात जायचा रस्ता तिला बंद होता. वाटेनफॉल तर स्वीडिश सरकारची; तिला न्यायालयाने अपवाद म्हणून आत घेतले. शिवाय परदेशी गुंतवणूकदार म्हणून तिने २०१२ मध्ये एनर्जी चार्टर कराराखाली (ऊर्जाक्षेत्रातल्या परदेशी गुंतवणुकीला संरक्षण देणारा आंतरराष्ट्रीय करार) आंतरराष्ट्रीय लवादातही दावा लावला होता. तो समझोत्यानंतर मागे घेतला गेला. तो रस्ताही आता अरुंद झाला आहे: डिसेंबर २०२३ पासून जर्मनी त्या करारात नाही.

आपल्याकडे तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, पण ते चालवणारी कंपनी सरकारचीच, म्हणून अशी लढाई इथे उभी राहिली नाही.

तुमच्यासाठी

ही भरपाई केंद्र चालवणाऱ्याची आहे, पुरवठादाराची नाही. तुमची ऑर्डर रद्द झाली तर करारातले रद्दीचे कलम चालते. तयार माल, अर्धवट कास्टिंग, खास बनवलेला पॅटर्न यांचे पैसे कोण देणार, हे तिथे लिहिलेले नसेल तर पुढच्या नूतनीकरणात लिहून घ्या. ‘सरकारी आदेश’ हा शब्द अपरिहार्य आपत्तीच्या (फोर्स मेजर) कलमात अनेकदा दडवलेला असतो. तो तिथे असेल तर बहुतेक वेळा तुम्हाला छदामही मिळत नाही.

भेटीला येताना मूळ करार, त्यावरच्या सर्व दुरुस्त्या, खरेदी-आदेश आणि ग्राहक कंपनीने मुदत वाढल्याचे कळवलेले ईमेल आणा. काम थांबवण्याचे पत्र आधीच आले असेल, तर भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी फोन करा. हरकतीची मुदत अनेकदा जेमतेम महिनाभराची असते.