तीन जर्मन गाड्या आणि हवेचा हिशेब

बीएमडब्ल्यूच्या २००५ सालच्या एम५मध्ये ४९९९ सीसीचं इंजिन होतं. पुढच्याच वर्षी आलेल्या मर्सिडीजच्या ई६३ एएमजीमध्ये ६२०८ सीसीचं. फरक सव्वा लिटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या हॅचबॅकच्या अख्ख्या इंजिनाएवढा. आणि ताकद? ५०७ अश्वशक्ती विरुद्ध ५१४. एवढं मोठं इंजिन बसवून मर्सिडीजच्या पदरात फक्त सात अश्वशक्ती जास्त पडल्या. मग २००८ मध्ये ऑडीची आरएस६ सेडान आली. तिचं इंजिन पुन्हा पाच लिटरचंच, ४९९१ सीसीचं, पण ताकद थेट ५८०.

(६२०८ सीसीला ‘६३’ का म्हणायचं? १९६८ च्या ३०० एसईएल ६.३ या गाडीची आठवण म्हणून. तिचं इंजिन मात्र खरोखरच ६.३ लिटरचं होतं.)

सीसी आणि ताकद यांचं गणित असं विस्कटतं, कारण इंजिनाची खरी अडचण पेट्रोलची नसून हवेची असते. इंजेक्टरमधून हवं तितकं पेट्रोल सोडता येतं. पण एक लिटर पेट्रोल नीट जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते, आणि ती सिलिंडरमध्ये भरायची म्हणजे खटाटोप. विहिरीचं पाणी काढण्यासारखंच आहे हे: लहान कळशीने भराभर काढा, मोठ्या घागरीने सावकाश काढा, नाहीतर मोटर लावा. या तीन कंपन्यांनी एकेक वाट धरली.

कळशी बीएमडब्ल्यूची. ‘व्ही’च्या आकारात दोन रांगांत मांडलेल्या दहा सिलिंडरचं हे व्ही१० इंजिन ८२५० आरपीएमपर्यंत (मिनिटाला तितक्या फेऱ्या) फिरायचं आणि ७७५० ला पूर्ण ताकद द्यायचं. त्या वेगाला एका पिस्टनला हवा आत ओढायला मिळतात जेमतेम चार मिलिसेकंद. म्हणून दहा सिलिंडरना दहा स्वतंत्र थ्रॉटल, म्हणजे हवा सोडणाऱ्या झडपा. पाय दाबला की हवा सिलिंडरच्या दारातच उभी. चार स्ट्रोकचं इंजिन क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदा भरतं, हे धरून हिशेब केला तर ७७५० ला हे इंजिन सेकंदाला सुमारे ३२३ लिटर हवा ओढतं. घागर मर्सिडीजची. तिचं आठ सिलिंडरचं व्ही८ पूर्ण ताकद ६८०० ला देतं. तिथे त्याची हवा भरते सुमारे ३५२ लिटर. सीसीमधली चोवीस टक्क्यांची तफावत हवेत आली की नऊ टक्क्यांवर येते.

टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पाहिला की चित्र आणखी स्पष्ट होतं. एम५चा ५२० न्यूटन-मीटर, एएमजीचा ६३०. प्रत्येक लिटरमागे १०४ आणि १०१, म्हणजे जवळपास बरोबरी. टर्बोशिवाय, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या पंख्याशिवाय, हवा नुसती ओढून घेणाऱ्या चांगल्या इंजिनाला लिटरमागे शंभरच्या फार पुढे जाता येत नाही. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेऱ्या. टॉर्क वाढत नसेल तर फेऱ्या वाढवा, हा बीएमडब्ल्यूचा डाव.

त्याची किंमत पिस्टन मोजतो. प्रत्येक फेरीत त्याला वर जाऊन थांबायचं, खाली येऊन थांबायचं. एम५चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरून खालपर्यंतची धाव, ७५.२ मिलिमीटर. ८२५० फेऱ्यांना वरच्या टोकाशी पिस्टनला दिशा बदलताना जे त्वरण सोसावं लागतं, ते गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजारपटींहून जास्त भरतं. हा सगळा ओढा पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर आणि तिच्या तळाच्या पातळ बेअरिंगवर येतो. आरपीएम दुप्पट झालं की हा भार चौपट होतो. जुनी एम५ घेणारे जाणकार आधी या बेअरिंगांची चौकशी करतात, ते उगीच नाही.

गंमत म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग पाहिला तर पारडं उलटं फिरतं. मर्सिडीजचा स्ट्रोक ९४.६ मिलिमीटर, त्यामुळे ६८०० ला तिचे पिस्टन सेकंदाला २१.४ मीटरने धावतात, आणि ७७५० ला एम५चे १९.४ ने. तेव्हा संथ वाटणारं इंजिन तितकंसं संथ नसतं.

ऑडीने मोटर लावली. दोन टर्बो. बाहेर फुकट जाणाऱ्या गरम धुराने पंखा फिरवायचा आणि त्याच पंख्याच्या जोरावर ताजी हवा दाबून आत भरायची. लिटरमागे टॉर्क गेला १३० वर. पण मला आकड्यापेक्षा तो कुठे मिळतो हे महत्त्वाचं वाटतं: पूर्ण ६५० न्यूटन-मीटर १५०० आरपीएमपासून ६२५० पर्यंत हजर. एम५चा पूर्ण टॉर्क यायला ६१०० ची वाट पाहावी लागते. ज्याला आपण ‘पिकअप’ म्हणतो, ते रोजच्या रस्त्यावर याच ठिकाणी जाणवतं.

मग शर्यत कोण जिंकतं? शून्य ते शंभर: एम५ ४.७ सेकंद, एएमजी ४.५, आरएस६ सेडान ४.५. एवढा खटाटोप आणि फरक ०.२ सेकंदांचा! इथे एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चालकासह एम५ सुमारे १८३० किलो. तिला ताशी शंभरवर न्यायला लागणारी गतिज ऊर्जा सुमारे ७०६ किलोज्यूल. ती ४.७ सेकंदांत द्यायची तर सरासरी लागतात फक्त २०४ अश्वशक्ती. बाकीच्या तीनशे गेल्या कुठे? पहिल्या गिअरमध्ये मागची दोन चाकं पूर्ण ताकद रस्त्यावर उतरवूच शकत नाहीत, ती जागीच फिरू लागतात. शिवाय इंजिन सतत ७७५० वर नसतं, गिअर बदलताना ओढ तुटते, हवेचा विरोध वाढत जातो. बीएमडब्ल्यूला हे ठाऊक असावं. एम५ सुरू केली की ती ४०० अश्वशक्तीवरच असायची, उरलेल्या शंभरेक मागायला वेगळं बटण होतं. ऑडीची ओढ चारही चाकांना असल्याने तिची पकड भक्कम, पण वजन दोन टनांच्या घरात. कमावलेलं वजनात गेलं.

माझं मन एम५च्या व्ही१० कडे झुकतं, हे लपवत नाही. पण ती वाट तिथेच संपली. १०० किलोमीटरला १४.८ लिटर हा तिचा कंपनीने दिलेला अधिकृत आकडा, आणि युरोपने २००९ मध्ये नव्या गाड्यांसाठी कार्बन डायऑक्साइडच्या सरासरीची मर्यादा किलोमीटरला १३० ग्रॅम ठरवली. २०११ च्या एम५मध्ये ४.४ लिटरचं व्ही८ आलं, दोन टर्बो थेट ‘व्ही’च्या खोबणीत बसवून, म्हणजे धुराला लांबचा फेरा नको आणि टर्बोला जोर धरायला लागणारा उशीरही कमी. ५६० अश्वशक्ती, आणि ६८० न्यूटन-मीटर १५०० पासूनच. मर्सिडीजनेही त्याच वर्षी ई६३ ला टर्बो दिले. तिघेही मोटरीवर, म्हणजे टर्बोवर आले.

२०२४ च्या एम५मध्ये टर्बोच्या जोडीला विजेची मोटर आहे: ७२७ अश्वशक्ती, १००० न्यूटन-मीटर, आणि बॅटरीसकट वजन २४०० किलोंच्या वर. शून्य ते शंभर ३.५ सेकंद. तिच्या आधीची, २०१७ ची ६०० अश्वशक्तीची, पाच-सहाशे किलोंनी हलकी एम५ हाच वेग ३.४ मध्ये गाठायची.